आधी सप्लाय बघा

हत्यार निवडण्यातच उमेदीची वर्षं घालवून, त्या हत्यारानं करायचं काम मात्र शांत चित्तानं पुढच्या महिन्यावर ढकलणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणत आलो. नोकरी शेतकी खात्यात कारकुनाची. पण ती त्यांना पगाराच्या दिवसाखेरीज फारशी आठवत नसे. त्यांचा खरा उद्योग म्हणजे स्वतःच्या हातानं रेडिओ बनवणे. माझं लग्न ठरलं तेव्हा तो रेडिओ होत आला होता. माझ्या मुलीच्या बारशाला तो जवळजवळ झालेला होता. तीच मुलगी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागली तेव्हा दाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पावणं, आता काय न्हाय. मनासारखं आयर्न तेवढं गावलं की झालंच म्हणून समजा."

हे आयर्न म्हणजे सोल्डरिंगचं, कथील वितळवून तारा जोडायचं. तशी त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत चार आयर्नं होती. एक फार तापायचं. दुसरं तापायचंच नाही. तिसरं बेतानं तापायचं, पण टोकाबरोबर मूठही तापवायचं, त्यामुळे ते धरायला अक्कांची सांडशी लागायची आणि तेवढा वेळ चुलीवरचं भांडं चुलीवरच राहायचं. चौथं सर्वगुणसंपन्न होतं आणि म्हणूनच ते वापरून खराब करायला दाजींचं मन धजत नव्हतं. ते फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं असे. पाहुणेरावळे आले की दाजी ते उलगडून दाखवत, पाहुण्यांच्या हातात क्षणभर देत आणि पुन्हा गुंडाळत. एकदा ते गुजरीतल्या एका सोनाराकडे त्याचं झाळकाम, म्हणजे सोन्याचे सांधे जोडणं, बघायला म्हणून गेले आणि दुपारभर त्याच्यासमोर बसून राहिले. परत आले ते, 'आयर्न हा प्रकारच मुळात चुकीचा, फुंकणीच पाहिजे' असा सिद्धांत घेऊन. त्या सिद्धांतात त्यांची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी त्यांनी स्वतः उतरवली आणि ते पुन्हा आयर्नच्या शोधाला लागले.

लक्ष्मीपुरीतल्या हत्यारांच्या दुकानात ते शिरले की दुकानदार अदबीनं स्टूल पुढे करायचा आणि स्वतः मागच्या दारानं चहाला निघून जायचा. दाजी एकेक पक्कड उचलत, मिटत, आणि तिचा जबडा डोळ्यांसमोर धरून दाराकडे बघत. मिटलेल्या पकडीतून उजेडाची रेघ दिसली की ती पक्कड नापास. मग स्क्रूड्रायव्हर. तो ते काउंटरवर लोळवून बघत. लोळताना जरा डगमगला तर त्याच्याकडे अशा नजरेनं बघत की एखाद्याला वाटावं, घरातला मुलगाच वाया गेला. दुकानदार चहा पिऊन, पान खाऊन परत यायचा तरी यांची परीक्षा चालूच. या फेऱ्यांवरून अक्कांनी एकदा माझ्यासमोरच तोंड सोडलं. "मला बघायला आलते तवा पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत व्हय म्हणून मोकळे. आन् पक्कड बघायला गेल्या दिवाळीपासनं जात्यात!" दाजींनी मान वर न करता सांगितलं, "पक्कड जल्मभर वापरायची असती." त्यानंतर आतून भाकरी थापल्याचा आवाज बराच वाढला, एवढंच मला आठवतं.

बाकी हौस म्हणून रेडिओ बनवणारे लोक पातळ पत्र्यावर किंवा फळकुटावर आपली मांडामांड करतात. दाजींना ते पटेना. उद्यमनगरात त्यांचा एक वर्गमित्र होता, त्याच्याकडे ऑइल इंजिनांचे भाग तयार होत. दाजींनी त्याच्याकडून रेडिओचा सांगाडा ओतून घेतला. ओतून! बिडाचा! स्टेशन बदलायची मूठसुद्धा लेथवर कातलेली, पितळेची. हा सांगाडा घरी आणायला हातगाडी लागली आणि पहिल्याच दिवशी तो ज्या फळीवर ठेवला ती फळी खालच्या मसाल्याच्या डब्यांसकट जमिनीवर आली. अक्का घरभर शिंकत होत्या आणि दाजी मला सांगाड्यावरून हात फिरवून दाखवत होते, "बगितलंसा? चरा न्हाय गेला. याला म्हंत्यात काम."

हत्यारांइतकाच त्यांचा दुसरा विषय म्हणजे बिघाड. बिघाड शोधायचं एक शास्त्र असतं असं ते म्हणत, आणि त्या शास्त्राचं पहिलं आणि बहुधा शेवटचं कलम होतं, 'आधी सप्लाय बघा.' कुठलंही यंत्र गप्प झालं तर ते लगेच उघडू नये. त्याला जे मिळायला पाहिजे ते मिळतंय का, हे आधी बघावं. हे कलम ते यंत्रापुरतं ठेवत असते तर कुणाची हरकत नव्हती. पण मला एकदा ताप आला तेव्हा भेटायला येऊन त्यांनी कपाळाला हात न लावता बायकोला विचारलं, "काल जेवण काय दिलंतासा? आधी सप्लाय बगा." माझ्या मुलीचं गणित कच्चं राहिलं, सप्लाय बघा. समोरच्यांची म्हैस दूध देईना, सप्लाय बघा. आणि हे नुसतं सांगून ते थांबत नसत. टॉर्चचा सेल दिसला की ते त्याच्या दोन टोकांना तारा लावून त्या जिभेला टेकवत, डोळे मिटत आणि आमटीची चव बघावी तसं म्हणत, "हाय, जीव हाय." माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला जमलेल्या मंडळींदेखत त्यांनी भजनाच्या लाउडस्पीकरसाठी भाड्यानं आणलेल्या बॅटरीची अशी चव बघितली होती. सासरे असते तर त्यांनी नक्की काहीतरी सुनावलं असतं.

या सगळ्यात भरडल्या जात होत्या त्या अक्का, आणि त्यांच्याखालोखाल त्यांची पितळी परात. रेडिओ खोलायचा तर सुटे भाग हरवू नयेत म्हणून ते परातीतच पडले पाहिजेत, असा दाजींचा दंडक होता. दुसरं भांडं चालत नसे. परातीला काठ उंच, आणि पितळेवर बारीक स्क्रू उठून दिसतो, हे त्यांचं कारण. त्यामुळे शनिवार-रविवारी अक्कांना कणीक ताटात मळावी लागे. रेडिओचं अर्थिंग म्हणून जमिनीत पुरायची तार त्यांनी तुळशीच्या कुंडीशेजारी पुरली होती, कारण तिथली माती रोज ओली होते. एरियलची तांब्याची तार वाळवणाच्या दोरीवरून गेली होती. एवढं सगळं सोसून अक्कांच्या घरात रेडिओ मात्र नव्हता. गाण्याची त्यांना विलक्षण आवड. दुपारचा बायकांचा कार्यक्रम आणि संध्याकाळचं नाट्यसंगीत ऐकायला त्या शेजारच्या काकूंकडे जात. रेडिओ ऐकायला मिळाला की त्यांचा दिवस चांगला, न मिळाला की घरात सगळ्यांचाच वाईट.

एका दुपारी गल्लीतल्या चारजणींसमोर त्या काकू म्हणाल्या, "या की वैनी, बसा. तुमचा रेडिओ हुईस्तोवर आमचा झिजून जाणार बगा." बायका हसल्या. अक्काही हसल्या, कार्यक्रम पुरा ऐकला, घरी आल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी शेजारचा उंबरा ओलांडला नाही. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नाही. माझ्या बायकोला सांगितली आणि डोळे पुसले. नवऱ्याला एवढंच सांगितलं, "दिवाळीपातूर आपला रेडिओ बोलला तर बरं. न्हाई बोलला तर भाऊबीजेला मी दादाकडनं दुकानातला मागून घेतो. त्यो न्हाय म्हणायचा न्हाय." हा दादा म्हणजे दोघी बहिणींचा भाऊ, गडमुडशिंगीला त्याचं गुऱ्हाळ. बहिणीनं हत्ती मागितला तरी विचारात पडेल, नाही म्हणणार नाही, असा माणूस. मेहुण्यानं आणलेला दुकानातला रेडिओ आपल्या घरात वाजणार, ही कल्पना दाजींच्या कुठे लागली असेल हे मी सांगायला नको. त्यांनी त्या दिवशी ट्रंकेच्या तळातलं चौथं आयर्न बाहेर काढलं. ते बघून मला कळलं की प्रकरण आता गंभीर झालं आहे.

आणि काय सांगावं, रेडिओ झाला! तीन ट्रान्झिस्टरचा, आकाशवाणीचं जवळचं सांगली केंद्र लागलं तरी खूप असा बेताचाच जीव, पण नकाशाबरहुकूम पुरा. फक्त तो बोलेना. दाजी संध्याकाळी कचेरीतून येत आणि दिव्याच्या उजेडात केलेलं झाळकाम खोटं निघतं अशी त्यांची श्रद्धा, म्हणून सगळं काम शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर आणि रविवारी मटणाचं जेवण झाल्यावर, तीनच्या सुमाराला, सोप्यात उजेडाला बसून. अक्का त्या वेळी आत जरा आडव्या झालेल्या असत. दाजी सेल लावत, मूठ फिरवत. आतून नुसती खरखर. मग ते सप्लाय बघत, म्हणजे सेलांची चव घेत, सप्लाय उत्तम. मग तुळशीला कळशीभर पाणी घालत. मग मला हाक. मी शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर, पण माझी उंची बरी म्हणून एरियल बांबूला बांधून कौलांवर उभा राहायचं काम माझ्याकडे. "जरा पन्हाळ्याच्या अंगाला... आता जरा पंचगंगेच्या अंगाला..." खालून सूचना येत. गल्लीतून जाणारा एकजण थांबून म्हणाला, "पावणं, पतंग अडकला व्हय?" शेवटी पाच वाजायच्या आत दाजींचा धीर सुटे, परात पुढे ओढली जाई आणि पुरा झालेला रेडिओ तिच्यात कणाकणानं विसावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडणी, पुन्हा खरखर, पुन्हा परात. दिवाळी आली तोवर तुळस मात्र अतिपाण्यानं पिवळी पडली होती.

भाऊबीजेला आम्ही सगळे तिथे होतो. दादा दुपारीच आला, बरोबर एक मोठं खोकं, वर धोतर झाकलेलं. खोक्यात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. दादानं ते खाटेखाली सरकवलं आणि सोप्यात येऊन बसला. "काय म्हणतोय दाजी तुमचा रेडिओ?" त्यानं अगदी निर्मळ मनानं विचारलं. दाजी म्हणाले, "अजून काय म्हणत न्हाय." त्यांच्यासमोर तो बिडाचा अजस्र जीव चालू करून ठेवलेला होता आणि खरखरत होता. मूठ त्यांनी नेहमीच्या जागी आणून ठेवली होती, सेलांची चव घेऊन झाली होती. त्यांनी सवयीनं हात मागे नेला आणि म्हणाले, "अगं, परात?" आतून उत्तर आलं, "परातीत पुऱ्यांची कणीक हाय. दादा काय रोज येतोय व्हय? आज परात मिळायची न्हाय." दाजींनी आजूबाजूला पाहिलं. परात नाही, तर खोलायचं कशात? त्यांनी आयर्न फडक्यात गुंडाळलं, ट्रंकेत ठेवलं, हात धुतले आणि ओवाळणीला आत येऊन भिंतीशी बसले. पराभूत माणसाचे हात किती रिकामे दिसतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मला खरोखर वाईट वाटलं.

दादा टोपी घालून पाटावर बसला. अक्कांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजनाचं ताट उचललं. एवढ्यात सोप्यातली खरखर थांबली आणि तिच्या जागी ती धून सुरू झाली, केंद्र सुरू होताना लागणारी, सगळ्या देशाला पाठ असलेली. बारीक होती, जरा नाकात होती, पण तीच होती. दादानं पाटावरूनच मान वळवली, "कोण आलंय भाईर?" धून संपली आणि एका बाईंनी स्वच्छ मराठीत आम्हा सगळ्यांना नमस्कार केला. दाजी उठले नाहीत. उठले तर ती गप्प होईल, अशा भीतीनं बसून राहिले. अक्कांनी मात्र ओवाळणं थांबवलं नाही, ताट शेवटपर्यंत फिरवून खाली ठेवलं आणि मग म्हणाल्या, "तिसरी सभा लागली."

"कसली सभा?" दाजी म्हणाले.

"कसली म्हंजे? सकाळी पैली, दुपारी दुसरी, संध्याकाळी पाचला तिसरी. दुपारची संपली की तिसरी लागंस्तोवर सांगली बंदच असती की. शेजारी काय मी उगं बसत हुतो?" मग त्यांच्या डोक्यात काहीतरी उजाडलं. "अवो, म्हंजे तुम्ही दर खेपेला तीन वाजता त्या बंद सांगलीचा रेडिओ दुरुस्त करत बसत हुतासा?"

दाजींचा चेहरा पाहवेना. "म्हंजे गेल्या शनवारी बी..."

"गेल्या शनवारी बी बोलला असता. तुम्ही बोलू दिला न्हाईसा. समद्या जगाला सांगतासा, आधी सप्लाय बगा, सप्लाय बगा!"

"मग तू का न्हाय सांगितलंस?"

"मला काय ठावं तुमाला ठावं न्हाय? एवढा शिकलेला माणूस!"

एवढे शिकलेले आम्ही दोघं होतो, पण मी एरियल धरण्याच्या कामावर असल्यामुळे विचार करण्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती, असं मी बायकोला नंतर पटवून दिलं. दादा इतका हसला की त्याच्या कपाळावरच्या अक्षता सांडल्या. आणि मग अक्कांनी खाटेखालचं खोकं ओढून त्याच्यापुढे सरकवलं. "ह्यो वैनीला घिऊन जा. मला ओवाळणीत गुळाची ढेप चालंल." दादानं आणि मी तो बिडाचा रेडिओ दोन्ही बाजूंनी धरून शेजारच्या बाजूच्या खिडकीत नेऊन ठेवला. थोड्या वेळानं काकू डोकावल्या, ऐकत राहिल्या, म्हणाल्या, "आवाज बारीक हाय." अक्का म्हणाल्या, "आमच्या घरापुरता हाय."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. दाजी निवृत्त झाले. गल्लीत एकेका घरावर टीव्हीच्या अँटेनांचे सांगाडे उभे राहिले. अक्कांचा रेडिओ बिडाचा असल्यामुळे त्याला काहीच झालं नाही, दाजींना झालं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला तो नीट साधला नाही आणि उजवा हात थरथरायला लागला. आयर्न धरणं सुटलं. लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात आता दुकानदाराचा मुलगा बसतो, त्याला यांची ओळख नाही, तो मागच्या दारानं जात नाही. ट्रंक खाटेखाली गेली आणि दाजी खाटेवर. पूर्वी एवढं बोलणारा माणूस, विचारल्याखेरीज बोलेनासा झाला.

परवा मधेच एकदा भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. तीन वाजून गेले होते. अक्का रेडिओजवळ उभ्या राहून मूठ फिरवत होत्या आणि आतून खरखर येत होती. "अवो," त्यांनी खाटेकडे बघून हाक दिली, "बगा की जरा. परत गप झालाय."

मी म्हणालो, "अक्का, आत्ता तर..." अक्कांनी माझ्याकडे असं काही बघितलं की पुढचे शब्द मी गिळले आणि त्यांनी पुढे केलेल्या चिवड्याच्या बशीत डोकं घातलं.

दाजी उठून बसले होते. "सप्लाय बगितलीस?" त्यांनी विचारलं, आणि कित्येक दिवसांनी तो जुना आवाज मी ऐकला. सेल काढले, चव घेतली. "हाय, जीव हाय." परात घासूनपुसून दाराआडच ठेवलेली होती, ती आली. थरथरत्या हातानं त्यांनी एकेक स्क्रू सोडवला, परातीत टाकला, आतली धूळ फुंकली, एकेका सांध्याला बोट लावून पाहिलं, आणि मला त्या तीन ट्रान्झिस्टरांचं कार्य पहिल्यापासून समजावून सांगितलं. मग सेल परत घातले, खरखर चालू झाली, आणि ते पुन्हा एकेक स्क्रू बसवत आले. शेवटचा राहिला तेव्हा त्यांनी तो मुठीत धरला आणि थांबले.

"बसवा की दाजी," मी म्हणालो.

"थांबा पावणं. गडबड करू नगा." त्यांनी मान जरा तिरकी केली आणि चांगल्या डोळ्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आत अक्कांनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. आणखी थोडा वेळ गेला. मग दाजींनी शेवटचा स्क्रू सावकाश पिळून घट्ट केला, स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि रेडिओतून ती धून सुरू झाली.

"झाला व्हय?" अक्कांनी आतून विचारलं.

"झाला," दाजी म्हणाले. "सप्लायच जरा ढिली हुती."

चहा पिऊन मी निघालो. सायकल चालवताना डोळ्यांपुढे ती घड्याळाकडे वळलेली मान येत राहिली. आमच्या घरी दुकानातून आणलेला चांगला रेडिओ आहे. तो इतक्या वर्षांत एकदाही बिघडलेला नाही. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं.